माइकवाल्या भिमाजीचं राहून गेलेलं भाषण

कुशाबा मंडपवाला एके दिवशी भरल्या मांडवात पाच मिनिटं सलग खरं बोलला, हे पेठेत कुणालाही सांगून बघा. चहाच्या टपरीवर सांगा, सोसायटीत सांगा, एसटीच्या थांब्यावर सांगा. माणसं आधी तुमच्या तोंडाकडं बघतील, मग तुमचं गाव कोणतं ते विचारतील आणि शेवटी चहा पाजून तुम्हाला वाटेला लावतील. मानणार कुणीच नाही. मानावं तरी कसं? आपल्या बांबूंना भर लग्नात पालवी फुटली आणि मंडपाला कापड लावायची गरजच उरली नाही, असं या कुशाबानं शपथेवर सांगितलेलं. अवसरीच्या घाटात वावटळीनं उडालेली कनात तिसऱ्या दिवशी लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर घडी घातलेली सापडली, हे सांगताना तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

पण झालं तसंच. आणि ते घडवलं गोजरबाईच्या उजव्या हातानं. तो हात त्या दिवशी माइकच्या मशीनच्या पिनेवर होता.

गोजरबाई म्हणजे भिमाजीची बायको, आणि भिमाजी म्हणजे माइकवाला. आंबेगाव आणि जुन्नर अशा दोन तालुक्यांत लग्न असो, साखरपुडा असो, दशक्रिया असो, भिमाजीचे कर्णे बांबूला बांधल्याशिवाय कुणाला कंठ फुटत नसे. दोन तालुक्यांना आवाज पुरवणारा हा माणूस स्वतः मात्र जन्मभर एकच शब्द बोलला : हॅलो. माइक हातात घ्यायचा, बोटानं टकटक करायची, ‘हॅलो’ म्हणायचं आणि हाराला मान तयार करून बसलेल्या कुणातरी पुढाऱ्याच्या हातात तो माइक द्यायचा. मग मशीनच्या मागं पालथ्या क्रेटवर जाऊन बसायचं. पुढं चार चार तास जगानं बोलावं आणि भिमाजीनं बटणं फिरवावीत. सवय इतकी जडली होती की घरी गोजरबाईला हाक मारायची झाली तरी तो दारातून ‘हॅलो’ म्हणे. बायकोचं नाव त्याच्या तोंडून ना सासरच्यांनी ऐकलं, ना माहेरच्यांनी. लग्नात बायकांनी दार अडवून नाव घ्यायचा हट्ट धरला, तेव्हा हा गडी मागच्या खिडकीतून घरात शिरला होता.

कार्यात मागं राबणाऱ्यांची पंगत सगळ्यांत शेवटी बसते. पाहुणे जेवतात, वाढपी जेवतात, पत्रावळी उचलल्या जातात आणि मग मंडपाचा कुशाबा, आचारी भगवंत, बँडवाला भिका आणि भिमाजी असे चौघं कढईच्या कडेला बसायचे. तिथं कुशाबाचा दरबार भरे. तो एकेक थाप सोडायचा, भगवंत ‘गप रं’ म्हणून आमटी वाढायचा, भिका हसून हसून ठसकायचा. भिमाजी मात्र कधी हसला नाही आणि कधी ‘खोटं’ असंही म्हणाला नाही. थाप रंगात आली की त्याचा घास ताट आणि तोंड यांच्या मध्ये थांबायचा. बस. घास थांबला की कुशाबाला समजायचं, आजची थाप पास झाली. असा ऐकणारा ज्याला मिळाला त्याला शाल-नारळाची काय गरज? भिमाजी गेला तेव्हा भगवंताचा मित्र गेला, भिकाचा मित्र गेला. कुशाबाचं मात्र अख्खं सभागृह रिकामं झालं.

आणि नेमकं त्याच माणसाच्या दशक्रियेला इपरीत घडलं.

या भागातली दशक्रिया पाहिली असेल त्याला सांगायला नको. नदीकाठी माणूस मावत नाही. प्रवचन होतं, मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू होतात, आणि सोसायटीच्या चेअरमनपासून भजनी मंडळाच्या टाळकऱ्यापर्यंत सगळे गेलेल्या माणसाच्या गुणांवर बोलतात. भिमाजीनं असली भाषणं हजारानं ऐकवली होती. त्याच्या दिवशी त्याचंच मशीन लावायचं, असं कुशाबानं ठरवलं. लावलं, पिन घातली, तर मशीन ढिम्म. मशीन होतं जुनं, एका ठराविक ठिकाणी चापट बसल्याशिवाय ते उठत नसे, आणि ती जागा फक्त भिमाजीला ठाऊक. मग काय, कुशाबानं चापट मारली, भगवंतानं मारली, दोन माजी सरपंचांनी आळीपाळीनं मारली, भिकानं तर ढोलाची काठीच घातली. मशीन एकदा कुत्र्याच्या पिल्लासारखं केकाटलं आणि पुन्हा गप्प झालं. पुढारी उभे राहिले, ओठ हलवले, माइकशिवाय आपलं बोलणं आपल्यालाही ऐकू येत नाही हे लक्षात आल्यावर हात जोडून दुसऱ्या दशक्रियेला निघून गेले.

त्या दिवशी गोजरबाई कुशाबाला एवढंच म्हणाली होती, “भाऊजी, आख्ख्या तालुक्याच्या मयताला माइक, अन् आमच्या माणसाच्या येळंला मुका बाजार.”

तिनं मशीन घरी नेलं, जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलं आणि वर्षभर कुणाला हात लावू दिला नाही. कुशाबा चहाला गेला की ती चहा द्यायची आणि लुगड्याकडं बघायची. कुशाबा अर्धा कप तसाच ठेवून उठायचा.

म्हणून वर्षश्राद्ध जवळ आलं तसं तिघांनी ठरवलं : या वेळी पुढारी नकोत. आपण मागची माणसं, आपली मागची पंगत. पण चालो न चालो, भिमाजीचंच मशीन लावायचं आणि त्याच्यावर एक रीतसर, लांबलचक, भरगच्च भाषण करायचं. करणार कोण? भगवंताला मापाशिवाय बोलता येत नव्हतं आणि भिकाचं तोंड जन्मभर पिपाणीत. उरला कुशाबा.

परवानगी मागायला तो गोजरबाईकडं गेला. तिनं बराच वेळ तांदूळ निवडले. मग म्हणाली, “बोला. पर खरं बोला. तुमच्या थापा मी चूल फुंकताना लई ऐकल्यात. ह्यांच्या नावावर एक जरी थाप मारली, तर तिथंच पिन काढीन. अन् मशीन भंगारवाल्याला देऊन टाकीन. मग पुढल्या वर्षी या, न्हाई तर नका येऊ.”

कुशाबानं मान हलवली. घरी येईपर्यंत त्याला घाम फुटला होता.

कार्याचा दिवस उजाडला तो भगवंताच्या घोळानं. बोलावणी गेली होती ती फक्त आपल्या धंद्यातल्या माणसांना : वाढपी, बँडची पोरं, टेम्पोवाले, फुलवाला, सगळी मिळून चाळीस डोकी. आणि पहाटे कुशाबा मांडवात येऊन बघतो तर चुलवणावर पोहता येईल एवढी कढई चढलेली, तीत काठोकाठ आमटी, आणि शेजारी भाकरींची चवड छपराला टेकायला आलेली. भगवंत मूळचा पठारावरच्या आणे गावचा. तिथल्या माणसाला आमटी म्हणजे जत्रेतली, हजारोंच्या पंगतीचीच माहीत. त्यानं आयुष्यात पाचशेच्या खाली स्वयंपाक केला नव्हता. घरी तर बायको त्याला चुलीजवळ फिरकू देत नसे.

“चाळीस माणसांना मीठ किती, ते मला येत न्हाई राव,” तो हातातला डाव खाली न ठेवता म्हणाला. “पाचशेला इचार, डोळं मिटून सांगतो.”

श्राद्धाचं अन्न फेकायचं नसतं. तेव्हा आता आमटीला माणसं शोधणं आलं. भिकानं बँड उचलला आणि थेट नाशिकला जाणाऱ्या हमरस्त्यावर जाऊन उभा राहिला. त्याच्या पोरांना वाजवता येत होती फक्त वरात, त्यांनी ती जीव तोडून वाजवली. कुशाबाकडं कमान होती ती एकच, दोन्ही बाजूंना थर्माकोलचे हत्ती आणि वर सोनेरी अक्षरांत ‘शुभविवाह’. ती त्यानं सवयीनं आदल्या संध्याकाळीच ठोकली होती, आणि नवरा-नवरीच्या लाल सोफ्यावर, बरोब्बर मध्ये, हार घातलेला भिमाजीचा फोटो ठेवला होता. झालं. रस्त्यानं जाणारं जग थांबायला लागलं. मंचरला कांदा घेऊन निघालेले पिकअपवाले आले, लेण्याद्रीला निघालेली दोन कुटुंबं लेकराबाळांसकट उतरली, एक पावणं तर फेटा सारखा करत आत शिरले आणि नवरदेव कुठाय म्हणून विचारू लागले. भिकानं सोफ्याकडं बोट दाखवलं. पाहुण्यांनी फोटोकडं पाहिलं, हाराकडं पाहिलं, फेटा काढून मांडीवर ठेवला आणि मुकाट्यानं पंगतीत बसले. आमटीचा वास सुटला होता. उठून जाणं कुणाला जमलं नाही.

अशा रीतीनं भिमाजीला जन्मात न पाहिलेल्या माणसांनी मांडव भरला.

गोजरबाई आली ती मशीन काखेत घेऊन. लुगडं सोडलं, पिन बोर्डात घातली, वायरी जोडल्या. तिघेही मित्र श्वास रोखून बघत होते. तिनं मशीन अर्धवट कलतं केलं, बुडाशी, डाव्या कोपऱ्यात, भाकरी थापावी तशी एक हलकी चापट मारली. लाल दिवा लागला. कर्ण्यांतून घरघर झाली. भगवंताच्या हातातला डाव कढईत पडला.

“वहिनी,” कुशाबा म्हणाला, “तुमाला ठाव व्हतं?”

“रोज रातच्याला घरात ह्याची चाचणी चालायची. ठाव नसायला काय झालं?”

“मग त्या दिशी सांगितलं का न्हाई?”

“मला कुणी इचारलं?” असं म्हणून ती भिमाजीच्या पालथ्या क्रेटवर बसली, बोर्डाजवळ. आणि उजवा हात पिनेवर ठेवला.

कुशाबानं माइक घेतला. टकटक केली. ‘हॅलो’ म्हणाला. ते ‘हॅलो’ भिमाजीचं होतं. मग त्यानं एकदा खाकरलं आणि खरं बोलायला सुरुवात केली.

भिमाजी आमचा मित्र होता. चांगला होता. कार्याला वेळेवर यायचा. कर्णे नीट बांधायचा, पडू द्यायचा नाही. कुणाला वाईट बोलला नाही, चांगलंही बोलला नाही, मुळात बोललाच नाही. मागच्या पंगतीला जेवायचा. आमटी दोनदा घ्यायचा. एकदा वायर कुरतडणाऱ्या घुशीच्या मागं धावला होता; घूस सापडली नाही.

इथवर आला आणि कुशाबाला कळलं, संपलं. त्यानं मनातल्या मनात भिमाजीचं सगळं आयुष्य उलटंसुलटं झटकलं. आणखी खरं काही पडेना. पंगतीत कुजबूज सुरू झाली होती. पिकअपवाला रस्सा मागत होता, लेण्याद्रीच्या मंडळींतलं एक पोर पेंगलं होतं, पाहुण्यांनी फेटा पुन्हा डोक्यावर चढवायला घेतला होता. एवढी आमटी, एवढे कर्णे, वर्षभराची वाट, आणि माणूस घुशीपाशी संपला.

कुशाबानं गोजरबाईकडं पाहिलं. ती त्याच्याकडं बघत नव्हती. ती सोफ्यावरच्या फोटोकडं बघत होती, आणि तिचा चेहरा दशक्रियेच्या दिवशी झाला होता तसा व्हायला लागला होता. हात पिनेवरच होता.

खरं बोलावं तर भाषण इथंच संपतंय, आणि खोटं बोलावं तर पिन निघतीय. दोन्हीकडून मुका बाजारच. कुशाबानं फोटोला मनातल्या मनात हात जोडले.

“आता बिबट्याचं सांगतो,” तो म्हणाला.

गोजरबाईची बोटं आवळली. पिन जराशी हलली आणि कर्णे खरखरले. कुशाबा थांबला. मांडव थांबला. पण पाहुण्यांचा फेटाही अर्ध्यातच थांबला होता, आणि पेंगणारं पोर डोळे उघडून विचारत होतं, “खरा बिबट्या?” गोजरबाईनं त्या पोराकडं पाहिलं. पिन होती तिथंच राहिली.

मग कुशाबानं जे सुरू केलं ते घाटात ब्रेक गेलेल्या गाडीसारखं सुरू केलं. आण्याकडं एक लग्न होतं. उन्हाळ्याचे दिवस, दुपारची वेळ, नवरा-नवरीच्या सोफ्यासमोर हा एवढा मोठा कूलर. उसातला एक बिबट्या उकाड्याला कंटाळून मंडपात आला, पाहुण्यांसारखा मधल्या वाटेनं चालत गेला आणि कूलरसमोर सोफ्यावर बसला. नवरदेव जो चढला तो माझ्या कमानीच्या हत्तीवर. भटजी आंतरपाटात गुंडाळून पडले. निवेदक माइक टाकून जेवणाच्या टेबलाखाली गेला. हजार माणूस, पण पापणी हलत नाही. आणि अशा वेळी क्रेटवरून उठला तो आपला भिमाजी. त्यानं पडलेला माइक उचलला, फुंकर मारली, टकटक केली आणि म्हणाला, हॅलो.

बिबट्यानं मान वळवली.

आता भिमाजी काय करतो? काठी नाही, बंदूक नाही. पण तीस वर्षं प्रत्येक लग्नातलं स्वागत त्यानं ऐकलेलं. नावंन् नावं पाठ. त्यानं बिबट्याच्या डोळ्यांत डोळे घातले आणि स्वागताला सुरुवात केली. विकास सोसायटीचे चेअरमन, आपण आलात, यजमानांच्या वतीनं आपलं स्वागत. बिबट्या गुरगुरला. व्हाइस चेअरमन, आपलंही स्वागत. दूध संस्थेचे आजी संचालक, माजी संचालक, एक एक करून सगळे. बिबट्याचे कान खाली पडले. मग पतसंस्था. मग तंटामुक्ती. मग नवरीच्या मामाच्या गावचे माजी उपसरपंच, जे येऊ शकले नाहीत पण त्यांच्या शुभेच्छा आल्यात. बिबट्यानं जांभई दिली, आणि ती अशी दिली की पुढच्या रांगेतल्या माणसांना त्याच्या पडजिभेचं दर्शन झालं.

पंगतीत पहिलं हसू फुटलं ते पिकअपवाल्याचं. सगळ्या मांडवानं स्वागतं ऐकली होती, सगळ्यांची लग्नं त्यात लांबली होती. कुशाबानं तिरक्या नजरेनं पाहिलं. गोजरबाईनं पदर तोंडात धरला होता. खांदे हलत होते. पिनेवरचा हात पिनेवर होता, पण आता तो नुसता ठेवल्यासारखा होता.

मग भिमाजी म्हणाला, वेळेअभावी ज्यांची नावं राहिली त्यांनी राग मानू नये. बिबट्याला वाटलं, सुटलो. तो सावरून बसला. तेवढ्यात भिमाजी म्हणाला, तरीपण काही नावं घेतल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. झालं. बिबट्या सोफ्यावरून उतरला, अंग झाडलं आणि आला तसा मधल्या वाटेनं, मान खाली घालून, मंडपाबाहेर निघून गेला. त्या दिवसापासून पठारावर लग्नाचे कर्णे वाजले की बिबटे डोंगर चढून पलीकडं जातात.

मांडव कोसळेल असा हसला. भिका खुर्चीवरून पडला. भगवंत ‘गप रं’ म्हणायचंही विसरला. आणि कुशाबाला पंगतीच्या टोकाला फेटेवाले पाहुणे दिसले. त्यांच्या हातातला भाकरीचा घास ताट आणि तोंड यांच्या मध्ये थांबला होता.

इथं थांबायला हवं होतं. पण तो थांबलेला घास पाहून कुशाबाचा बांध फुटला. तो माइकला आणखी चिकटला, आवाज खाली आणला आणि म्हणाला, “मंडळी, लोकांनी भिमाजीला खांद्यावर घेतला. म्हणले, भिमाजी, एवढं धाडस आलं कुठनं? तवा भिमाजीनं माइक पुन्यांदा हातात घेतला, अन् हजार माणसांसमोर, मोठ्यानं म्हणाला, ‘ह्यात माझं काय न्हाई. ही सगळी माझ्या गोजराच्या हातच्या मासवडीची ताकद.’”

टाळ्या पडल्या. लेण्याद्रीच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

गोजरबाई क्रेटवरून उठली. तिच्या तोंडातला पदर सुटला होता आणि चेहरा लालबुंद झाला होता. ती तरातरा चालत कुशाबापर्यंत आली. कुशाबानं डोळे मिटले. भगवंत आणि भिका दोघांनीही बोर्डाकडं पाहिलं. मशीनवरचा लाल दिवा तसाच जळत होता. तिनं कुशाबाच्या हातातला माइक आपल्याकडं ओढला, आणि जे बोलली ते सगळ्या कर्ण्यांतून, नाशिकचा हमरस्ता ओलांडून, पार अवसरीच्या घाटापर्यंत गेलं.

“बिबट्या आला आसंल. सोफ्यावर बसला आसंल, जांभई बी दिली आसंल, त्याचं मी काय म्हणत न्हाई. पर ह्यांनी चार माणसांत माझं नाव घेतलं? साफ खोटं.”